माळावरची उत्तम झाडे

गवत उगवू देण्याचे काम या देशात शहाण्या माणसाने हाती घेऊ नये, अशा निष्कर्षाप्रत मी आलो आहे. पतसंस्था काढावी, पुतळा उभारावा, वाटल्यास विद्यापीठ काढावे. गवत उगवू देऊ नये. गवत ही अशी वस्तू आहे की कोणी काही केले नाही तरच ती येते. आणि कोणी काही करू नये यासाठी जेवढ्या परवानग्या लागतात, तेवढ्या काही करण्यासाठी कधीच लागत नाहीत. हे विधान मी रागाने करीत आहे. राग हा विचाराचा शत्रू आहे असे मी आयुष्यभर वर्गात सांगितले. आता सांगणार नाही.

होटगी रस्त्याला आमची प्राज्ञविहार ही वसाहत आहे. निवृत्त प्राध्यापक, बँकवाले आणि रेल्वेवाले असे तिन्ही प्रकारचे प्राज्ञ तीत विहार करतात. वसाहतीच्या पूर्वेला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे थेट रुळांपर्यंत सरकारी माळ. त्या माळावर पवन्या आणि मारवेल ही जुनी गवते अजून टिकून आहेत. चंडोल तिथे सरळ आकाशात चढतो आणि गात गात खाली येतो. माळटिटवी उघड्या मुरमावर चार खडे सारून त्यांच्यात अंडी घालते. ती खड्यांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. भिंतीच्या अलीकडे वसाहतीची मोकळी जागा आहे. भिंत बांधली जाईपर्यंत तीही माळच होती. मग तिच्यावर घरांच्या पायाभरणीचा राडारोडा पडला, राडारोड्यावर विलायती बाभूळ माजली आणि तिला सर्वजण ‘आमचा हरितपट्टा’ म्हणू लागले.

माझी योजना एका वाक्याची होती. राडारोडा उचलावा, बाभूळ काढावी आणि नंतर हात मागे बांधून उभे राहावे. बी पलीकडून वाऱ्याने येईल, गवत येईल, आणि माझे नशीब थोर असेल तर एखादी टिटवी भिंत ओलांडून अलीकडे अंडी घालील. मोडलेल्या माळाचा एक तुकडा पुन्हा माळ झालेला पाहावा, एवढीच इच्छा. जुन्या वैद्यकग्रंथांत ‘जांगल’ म्हणजे विरळ झाडांचा, कोरडा, मोकळा प्रदेश. तिथली हवा सर्वांत आरोग्यकारक मानली आहे. हे मी वसाहतीच्या सर्वसाधारण सभेत सांगितले. सभेने ते चहा येईपर्यंत ऐकून घेतले.

आमचे चेअरमन महेश्वरअण्णा हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांच्या सभेत प्रत्येक ठराव सर्वानुमते होतो. ‘कुणाचा विरोध नाही ना?’ हा प्रश्न ते बरोबर चहाचा ट्रे दारातून आत येताना विचारतात. त्या दिवशी मात्र सूचनांचा पूर आला. कोणाला लॉन हवे होते, कोणाला व्यायामाची लोखंडी यंत्रे, कोणाला पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा मार्ग. वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी वड, पिंपळ आणि सप्तपर्णी सुचवली. या गृहस्थांनी तीस वर्षे गवतांचा धडा ऑप्शनला टाकला, हे मला विद्यार्थ्यांकडून ठाऊक आहे.

माझे शेजारी राजेसाब रेल्वेत गार्ड होते. ते उठून म्हणाले, “सर, गवत आणायला अर्ज कशाला करताव? आमच्या होटगी स्टेशनात रुळामधी आपसूक येतंय की. उलट काढायला माणूस लागतंय.”

सभा हसली. त्या प्रश्नावर झालेल्या चर्चेतले ते एकमेव शास्त्रशुद्ध विधान होते, हे सभेच्या लक्षात आले नाही.

ठराव सर्वानुमते झाला, कारण ट्रे आला. नेमके काय ठरले हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि याच कारणाने सर्वजण माझ्या पाठीशी होते.

आता कार्यालय. त्याचे नाव मी घेणार नाही, कारण त्याने माझे नाव तीन वेळा तीन प्रकारे चुकीचे लिहिले आहे. विलायती बाभूळ हे परदेशातून आणलेले, माळ गिळणारे झाड आहे. ते तोडायला परवानगी लागते. अर्जात झाड तोडण्याची कारणे छापलेली होती: बांधकाम, वाळलेले, धोकादायक. खिडकीतले श्रीशैल हे अत्यंत सहृदय गृहस्थ. त्यांनी माझ्या वयाकडे पाहून आपुलकीने सल्ला दिला की सर, बांधकाम टाका, लगेच होतंय. मी म्हणालो, तिथे बांधकाम होऊ नये म्हणून तर हा सारा खटाटोप. ते म्हणाले, असू दे की, होऊ नये, पण टाका.

हे मी पुन्हा लिहितो, कारण वाचकाने ते घाईने ओलांडू नये. जमीन कायमची गाडायची असेल तर परवानगी लगेच मिळते. जमीन बरी व्हावी असे वाटत असेल तर कारणांच्या यादीत तुम्ही बसत नाही.

मी ‘धोकादायक’वर खूण केली. धोक्याची खात्री करायला एक निरीक्षक आले, दारातच म्हणाले की झाडे मला तर निरोगी वाटतात, आणि प्रस्ताव नामंजूर करण्याच्या बेताने परत फिरले. मोकळ्या जागेच्या तोंडाशीच बाभळीच्या काट्याने त्यांच्या मोटारसायकलचे मागचे चाक बसले. पंक्चरवाल्याची वाट पाहत त्यांनी माझ्या ओसरीवर दोन कप चहा घेतला आणि तिथेच झाडे धोकादायक ठरवली. पुराव्याचे एवढे तात्काळ मूल्यमापन मी विद्वत्परिषदांत पाहिलेले नाही.

परवानगी आली. तिच्या शेवटी एक अट होती: तोडलेल्या प्रत्येक झाडामागे तीन झाडे त्याच जागी लावावीत.

हा विनोद असावा असे समजून मी पुन्हा कार्यालय गाठले. तिथे बुद्धप्रिया नावाची उद्यान सहायक होती. वय पंचविशीच्या आसपास, जीभ धारदार, आणि टेबलावर फायलींपेक्षा मोबाइलचे चार्जर अधिक. मी तिला शांतपणे समजावले की ही जागा मुळात झाडांची नाही, झाडे काढणे हाच उद्देश आहे, आणि तिप्पट झाडे लावण्याची अट म्हणजे ताप उतरलेल्या रुग्णाला तिप्पट ताप देण्यासारखे आहे.

“सर,” ती म्हणाली, “तोडलं की लावायचं. ती शिक्षा नाही, पोच आहे. तुम्हाला बाभूळ ठेवायची आहे की पोच द्यायची आहे?”

मी बाभूळ तोडली. राडारोडाही उचलला, त्याची कहाणी मी सांगत नाही, कारण मला रक्तदाब आहे.

आणि गवत आले. भाद्रपदात भिंतीच्या कडेने मारवेलीची जांभळट कणसे डोलू लागली, मधल्या मुरमावर पवन्या उभा राहिला, आणि कुसळी गवताचे तर विचारूच नका. मी संध्याकाळी खुर्ची टाकून बसू लागलो. एके दिवशी एक टिटवी भिंतीवर आली, खाली उतरली, निरीक्षकासारखी पाय उचलत सर्वत्र फिरली आणि अभिप्राय न देता परत गेली. माझ्या निवृत्तीनंतरचा तो सर्वांत आनंदाचा दिवस होता. आमच्या घरी हे सांगितल्यावर, दुधाचे पातेले उतरवीत, ‘बरं’ असे उत्तर मिळाले.

वसाहतीला मात्र गवताचे एकेक दुर्गुण दिसू लागले. साप येतील. (आले नाहीत.) डास झाले. (गटारामुळे.) पाहुण्यांना ओसाड वाटते. कुसळे पायमोज्यांत शिरतात. हे शेवटचे खरे होते. महेश्वरअण्णा सकाळी फिरायला गेले असता त्यांच्या मोज्यांत इतकी कुसळे शिरली की त्यांना ओट्यावर बसून ती उपटावी लागली, आणि तेवढ्या वेळात त्यांना अटीची आठवण झाली. झाडे लावायची आहेत की, ते म्हणाले. कायदा म्हणजे कायदा.

कायद्याचे पालन समारंभपूर्वक करायचे ठरले. समारंभ म्हटला की प्रमुख पाहुणे आले; पाहुणे म्हटले की मांडव; मांडव म्हटला की सपाट जमीन; आणि सपाट जमीन म्हटली की रोलर. अशा रीतीने वृक्षारोपणाच्या पूर्वतयारीसाठी, निसर्गाच्या संवर्धनार्थ, माझ्या गवतावर रोलर फिरवण्यात आला. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. हे कृत्य माझ्या हातून यापूर्वी कधीही घडले नव्हते. मी सरकलो नाही. अमरेश नावाच्या चालकाने रोलर थांबवला, खाली वाकून पाहिले आणि आदराने विचारले, “काका, फोटो काढायचाय का?”

त्यानेच माझ्या हातातला मोबाइल घेऊन माझा रोलरसह फोटो काढला आणि महेश्वरअण्णांना धाडला. तो वसाहतीच्या ग्रुपवर ‘सरांचा उत्साह’ या मथळ्याखाली गेला.

समारंभ झाला. लोकप्रतिनिधींनी सोलापूर हिरवेगार करण्याची घोषणा केली. हजारो वर्षे जो कधी हिरवागार नव्हता, आणि ज्याचे सौंदर्य त्याच्या पिवळ्या रंगात आहे, त्या मुलखाला ही धमकीच होती. टाळ्या पडल्या. प्रेरणास्थान म्हणून माझा टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन सत्कार झाला. आमच्या शहरात टॉवेल खांद्यावर पडला की माणसाचा विरोध संपला असे धरतात. माझ्या मस्तकावर टोपी घालताना महेश्वरअण्णा कानाशी म्हणाले, “हसा की सर जरा.” मी हसलो नाही. फोटोत मी भावनाविवश झालेला दिसतो.

प्रत्येक रोपाभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा बसवला गेला आणि प्रत्येक पिंजऱ्यावर देणगीदाराच्या दिवंगत आप्ताचे नाव रंगवले गेले. गुलमोहर, सप्तपर्णी, वड. वीतभर मुरमाखाली कातळ असलेल्या जमिनीत वड लावणे हे आमच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचे स्वप्न होते.

पुढचे सांगण्यासाठी प्रतिभा लागत नाही. हिवाळ्यात सप्तपर्णी गेली, फाल्गुनात गुलमोहर गेला, वडाने सन्मानाने शेवटी प्राण सोडला. भिंतीला पडलेल्या भगदाडातून माळावरच्या शेळ्या आत आल्या आणि रोलरखालून वाचलेले गवत त्यांनी मुळापर्यंत खाल्ले. पिंजऱ्यांत मात्र शेळीचे तोंड जात नाही आणि रोलरही जात नाही. पुढच्या पावसात मेलेल्या काठीच्या भोवती, जाळीच्या आत, पवन्या आणि मारवेल गुडघाभर वाढले. कै. गंगाबाई, कै. सिद्रामप्पा, कै. ह. भ. प. अमुक: प्रत्येकाच्या नावाखाली एकेक झुबका. माझी सारी योजना आता पिंजऱ्यांत होती. जगात वाघाला पिंजऱ्यात ठेवतात. गवताला ठेवणारे आम्हीच पहिले असू.

वर्ष भरल्यावर बुद्धप्रिया झाडे तपासायला आली. मला वाटले, आता सत्याचा दिवस. मी तिला पहिल्या पिंजऱ्यापाशी नेले आणि विजयी स्वरात म्हणालो की हे मेले आहे, ते मेले आहे, इथले एकूण एक मेलेले आहे. तसे लिहा, म्हणजे हा प्रयोग पुन्हा कोणी करणार नाही.

तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर दोनच चौकटी होत्या: ‘मध्यम’ आणि ‘उत्तम’.

“मेलं असं लिहायला जागा नाही सर. आत हिरवं दिसलं की ते ‘उत्तम’ धरतंय.”

“पण हे गवत आहे.”

“मला कळतंय की. ह्याला कळत नाही.” तिने फोटो काढला. मोबाइलने आनंदाचा आवाज केला. कै. गंगाबाई उत्तम. कै. सिद्रामप्पा उत्तम. ती एकेका पिंजऱ्यापाशी थांबत गेली आणि मी तिच्या मागून, ग्रंथातल्या प्रक्षिप्त श्लोकामागून संपादक फिरावा तसा, निषेध नोंदवीत गेलो.

काही महिन्यांनी निकाल लागला आणि आमची वसाहत जिल्ह्यात पहिली आली. एकही झाड न मरण्याचा पराक्रम इतर कोणालाही साधला नव्हता. महेश्वरअण्णांनी सभा बोलावली, अभिनंदनाचे पत्र वाचले आणि त्याच पत्राचा उत्तरार्ध वाचला: या यशामुळे हाच प्रकल्प भिंतीपलीकडच्या संपूर्ण माळावर राबवण्यात येणार असून खड्डे खणण्यासाठी जेसीबी चैत्र संपण्यापूर्वी येईल.

मी उभा राहिलो. टिटवीचा विणीचा काळ चैत्रातच सुरू होतो. माझा आवाज कापत होता, याची मला आजही लाज वाटते. रागाने कापत होता, याची वाटत नाही. मी म्हणालो की झाडे मेली आहेत, एकूण एक. जे उत्तम आहे ते गवत आहे. ज्या माळावर ते गवत आपोआप, फुकट, शतकानुशतके उत्तम आहे, तो माळ तुम्ही ते गवत पाहून खणायला निघाला आहात. भिंतीपलीकडे या क्षणी टिटवी जागा शोधीत असेल. जेसीबीच्या चालकाला तिची अंडी दिसणार नाहीत, कारण ती कोणालाच दिसत नाहीत. त्यांचे सारे संरक्षण तेवढेच आहे.

महेश्वरअण्णा सद्गदित होऊन म्हणाले, “एवढं यश मिळवून सर म्हणतात, काहीच केलं नाही. ह्याला विनय म्हणतात.” टाळ्या पडल्या. ट्रे आला.

बाहेर पडताना राजेसाबांनी माझा दंड धरला. “सर, तुमी खरं बोलताव आन लोक टाळ्या वाजवतेत. आता खरं बोलायचं बंद करा की.”

ते वाक्य घेऊन मी दुसऱ्या दिवशी बुद्धप्रियाकडे गेलो. आदेश रद्द कोण करू शकतो, असे विचारले. तिने वर बोट दाखवले. छताकडे की त्याहून वर, हे स्पष्ट झाले नाही. मग मी विचारले, रोपे कुठून येणार? ती म्हणाली, रोपे रोपवाटिकेत नाहीतच. तुमची निदान फाल्गुनात मेली, आमची लावायच्या आधीच मेली आहेत. पण खड्डे होतील. खड्ड्यांचे काम दिले आहे.

“खड्डे कुठे घ्यायचे हे कोण ठरवतो?”

“मोबाइल. जागा त्यात रिकामी दिसते, म्हणून.”

“आणि रिकामी नसेल तर?”

ती चार्जरची वायर गुंडाळत होती. गुंडाळायची थांबली. “लागवड झालेली जागा असेल तर तो पुढचं काम घेतच नाही. तीन वर्षं हातच लावू देत नाही.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “पिंजरे लागतील सर. आणि झाडं मी जगवीन असं लिहून देणारा एक माणूस लागेल. नाव पूर्ण लिहायचं, खरं.”

“तुला त्रास होईल.”

“मला रोज मेलेल्या काठ्यांचे फोटो काढायचा त्रास होतोच की. एकदा जिवंत गवताचा काढते.”

पिंजरे महेश्वरअण्णांच्या ताब्यात होते आणि महेश्वरअण्णांना मोकळ्या जागेत लॉन आणि व्यायामाची यंत्रे हवी होती. बक्षीस मिळाले होते. झाडांची गरज संपली होती. लॉनला मी पूर्वीच दिलेला लेखी विरोध तेवढा आडवा येत होता. मी तो मागे घेतला. सौद्याची भाषा मला येत नाही, तरी सौदा दोन मिनिटांत झाला. ज्या संध्याकाळी पिंजरे उपटले, त्या संध्याकाळी आतले झुबके पहिल्यांदा उघडे पडले. सकाळी शेळ्यांनी उरकले आणि दुपारी पेव्हर ब्लॉकचा ट्रक आला. मी खिडकी लावून घेतली. ज्या तुकड्यासाठी हे सारे आरंभले, तो मी माझ्या सहीने दिला.

राजेसाबांच्या मेहुण्याच्या टेम्पोतून पिंजरे माळावर गेले. आम्ही दोघांनी ते विखरून उभे केले. टिटवी जिथे ओरडत डोक्यावर आली, तिथून लांब सरकलो. राजेसाब प्रत्येक पिंजरा बसवताना त्यावरचे नाव मोठ्याने वाचत आणि ‘बसा काकू, हवा लई चांगली हाय’ म्हणत. लांबून तो माळ दफनभूमीसारखा दिसू लागला. बुद्धप्रियाने फोटो काढले. प्रत्येक पिंजऱ्यात पवन्याचा वाळका, पण खाली हिरवी धुगधुगी असलेला झुबका होता. उत्तम. उत्तम. उत्तम. मग तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि मी बोटाने सही केली. जे पाहिले नाही ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी चाळीस वर्षे नापास करीत आलो. माझी सही त्या काचेवर वेडीवाकडी उमटली. मोबाइलने तीही स्वीकारली.

जेसीबी आला नाही. माळाच्या कडेला ‘वृक्षलागवड पूर्ण’ असा फलक लागला. या देशात जी जागा झाडांनी भरली आहे असे खोटे लिहिले जाते, तीच मोकळी राहू शकते. हे लिहिताना माझा राग रतीभरही कमी झालेला नाही. तो कमी व्हावा असे मला वाटतही नाही. वैशाखात फलकाच्या सावलीपासून थोड्या अंतरावर तीन पिले मुरमाच्या रंगाची होऊन पळत होती. त्यांना मी दुर्बिणीने पाहिले. जवळ गेलो नाही.

परवा महेश्वरअण्णा व्यायामाच्या यंत्रावर पाय मारीत होते. माळाकडे मान करून त्यांनी विचारले, “सर, तिकडची झाडं केवढी झाली?”

“गुडघ्याएवढी,” मी म्हणालो.

“एवढीच?”

“उत्तम आहेत. याहून मोठी होणार नाहीत.”